वरच्या अंगाला

बाभळी पडल्या त्याच वादळात वत्सलाबाईचा हात मोडला.

चैत्र सरत आला होता. सप्तशृंगीच्या डोंगराकडून काळं आभाळ उतरलं आणि बघता बघता असं वारं सुटलं, की घरावरचा पत्रा तव्यावरच्या भाकरीसारखा फुगायला लागला. बारकू एका कोपऱ्याच्या दोराला लोंबकळला, वत्सलाबाई दुसऱ्याला. पत्रा राहिला. पण ओसरीच्या ओल्या दगडावरून तिचा पाय सटकला आणि अंगाचा सगळा भार उजव्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज बारकूला त्या वाऱ्यातही ऐकू आला. जन्मभर लाकडं मोडत आलेला माणूस. असला आवाज त्याच्या कानाला लगेच कळायचा.

वणीच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"करवत ओढते," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे.

पण ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून बारकू आणि वत्सलाबाई एकाच लांब करवतीच्या दोन टोकांना बसत आले होते. मांडवाच्या आचाऱ्यांना, गडाच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना जळण पुरवायचं, हाच त्यांचा धंदा. जमीन होती ती एवढीशी, पावसाळ्यात भात आणि नागली देणारी. बाकी वर्षभर लाकूड. दोघांची लय अशी बसलेली, की ओंडका अर्धा होईस्तोवर एक शब्द लागायचा नाही.

वादळानं त्यांचा हात मोडला आणि त्याच वादळानं त्यांना काम दिलं. खालच्या अंगाला धनराजची द्राक्षबाग होती. तिच्या कडेच्या नाल्यात बाभळीची रांगच्या रांग आडवी झाली होती, आणि एक मोठा शिरीषही. नाला तुंबला तर पावसाचं पाणी बागेत शिरणार, म्हणून धनराज घाईला आलेला. तो स्वतः घरी येऊन म्हणाला, "बारकूबाबा, पाऊस लागायच्या आत नाला मोकळा करून द्या. लाकूड सगळं तुमचं. नायतर मला जेसीबी लावावा लागंल, मंग ते सगळं मातीतच जाईल."

एवढं लाकूड एका जागी बारकूनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं होकार दिला आणि धनराज गेल्यावर भिंतीला टांगलेल्या करवतीकडं पाहत बसला.

पहिल्या दिवशी तो एकटाच गेला. मोकळं टोक फडफडायचं, पातं वाकायचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बहिरूला नेलं. बहिरू अंगानं दणकट, पण करवत ओढून झाली की तो ती परत ढकलायचा. पातं चिपाडासारखं वाकून लाकडात अडकायचं. "आरं, ढकलू नको. ओढायचं आन सोडून द्यायचं," बारकू सांगून थकला. दुपारनंतर बहिरू तंबाखू आणायला म्हणून गेला तो आलाच नाही.

रात्री भाकरी खाताना वत्सलाबाई म्हणाली, "ती पेट्रोलची मशीन घ्या ना. बोकडं विका दोन्ही."

"आन तू?"

"मी काय? ह्या हातानं मी भाकर बी थापू नाय राहिले."

भाकरी त्यानंच थापली होती. एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं करपलेली. तिनं ती मुकाट्यानं संपवली.

वणीला निसारचं दुकान होतं. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, लाकूड कापायची कटरं. विकायची आणि दुरुस्तही करायची. बोकडांचे पैसे घेऊन बारकू आत गेला आणि सगळ्यात मोठ्या मशीनवर बोट ठेवलं. चेन फिरते ती पट्टी चांगली हातभर लांब, लालभडक रंग. निसारनं ती मशीन उचलून त्याच्या हातात दिली.

"धरा बाबा. कमरेपाशी. दोन्ही हातांनी. माझा चहा होईस्तोवर धरून उभं राहायचं."

निसारनं चहा मागवला, बशीत ओतला, फुंकर घातली. तो सावकाश पीत होता. थोड्या वेळानं बारकूच्या दंडाला कंप सुटला. मग पट्टीचं टोक खाली झुकलं. मग जमिनीला टेकलं.

"हे दुकानात, पंख्याखाली," निसार म्हणाला. "नाल्यात उतारावर, घामाच्या हातांनी काय होईल? मशीन माणसाला झेपली पायजे. माणसानं मशीनला झेपून काय फायदा?"

"पण खोड मोठी हायेत."

"किती मोठी?"

बारकूनं हातांचा वेढा करून दाखवला.

"मंग ही घ्या." त्यानं कोपऱ्यातली लहान मशीन काढली. पट्टी आखूड, वजनाला हलकी. "जाड खोड आलं तर दोन्ही बाजूंनी कापायचं. आन हे पाहा." पुढच्या मुठीसमोर एक काळी ढाल होती. निसारनं ती पुढं ढकलली, खट्ट वाजलं. "हा ब्रेक. पट्टीचं टोक कशाला धडकलं ना, तर मशीन सरळ तोंडावर येते. तव्हा तुमचं मनगट ह्याला लागतं आन चेन जागच्या जागी थांबते. त्या मोठ्या मशीनचा ब्रेक मी पाह्यलाय. त्याच्या भरवशावर मी माझ्या भावाला पाठवणार नाय."

"ती महाग हाय, मंग ती का नाय विकत?"

"विकतो ना. तुम्हाला नाय विकत."

मशीनसोबत निसारनं आणखीही सामान काढलं. जाळी आणि कानाची टोपणं असलेलं हेल्मेट, टोकात लोखंड असलेले जाड बूट, आणि एक जाडजूड पँट, जिच्या आत दोऱ्यांचे थर भरलेले होते. चेन मांडीला लागली तर ते दोरे तिच्यात गुंततात आणि ती अडकून थांबते. एवढं सगळं बारकूच्या पैशांत बसत नव्हतं. निसार म्हणाला, "मशीन ठेवा मंग. ह्या कपड्यांबिगर मी देत नाय." बारकू पैसे पुन्हा मोजायला लागला. मग निसारनंच बूट पिशवीत टाकले. "बुटांच्या पैशांबदली जळण द्या मला. अम्मीच्या बंबाला लागतं."

पुढच्या रविवारी निसार स्वतः आला आणि अंगणात त्यानं शिकवलं. मशीन हातात लटकवून सुरू करायची नाही. जमिनीवर ठेवायची, मागच्या मुठीत बूट रोवायचा, ब्रेक लावायचा, मग दोरी ओढायची. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळलेला पाहिजे. खांद्याच्या वर कापायचं नाही. पट्टीच्या टोकानं कापायचं नाही. दोन्ही बाजूंनी टेकलेलं खोड वरून थोडं कापायचं आणि मग खालून, नाहीतर पट्टी चिमटीत सापडते. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. उतारावर उभं राहायचं ते खोडाच्या वरच्या अंगाला, कारण लाकूड सुटलं की खालीच येणार.

"आन एकटं जायचं नाय," निसार शेवटी म्हणाला. "कुणीतरी लांब उभं पायजे. तुमच्या नजरेसमोर. कानाला टोपणं, मशीनचा कल्ला, तुम्हाला हाक ऐकू येत नाय. त्या माणसानं हात वर केला की मशीन बंद."

बारकूनं इकडंतिकडं पाहिलं. पारावर बसणारी पोरं पिंपळगावला पॅकहाऊसात कामाला गेलेली. बहिरूचं नाव काढायलाही नको.

"मी उभी राहीन," वत्सलाबाई म्हणाली. तिचा हात गळ्यातल्या झोळीत होता. "उभं राहायला हात कशाला लागतो?"

निसारनं तिलाही सगळं दाखवलं. मशीन कुठल्या बटणानं बंद होते, किती लांब थांबायचं, जवळ यायचं झालं तर समोरून कसं यायचं.

काम चांगलं चाललं. बाभळीचं लाल लाकूड कापताना भुसा ओल्या कुंकवासारखा उडायचा. पहिले काही दिवस बारकूचे हात संध्याकाळी झिणझिण्यांनी भरून जायचे, घास धरवायचा नाही. पण करवतीनं आठवडा लागला असता ते दोन दिवसांत होत होतं. प्रत्येक काप झाला की तो मान वर करून पाहायचा. ती बांधावर उभी असायची, डोक्यावर पदर, डाव्या हातानं डोळ्यांवर सावली धरलेली. कधी ती हात वर करायची आणि तो मशीन बंद करून, टोपणं काढून विचारायचा, "काय?"

"वर फांदी लोंबू राहिली तुमच्या डोक्यावर."

किंवा, "खालच्या अंगाला उभे हाये. वर या."

बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. आणि त्यातच त्याला हळूहळू टोचायला लागलं.

गावातल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याचं हेल्मेट पाहून म्हणालं, "बारकूबाबा, बॅटिंग का बॉलिंग?" सगळे हसले. तोही हसला. मग एक दिवस धनराज बांधावर आला. मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नसलेला. सोबत औषध कंपनीची माणसं होती. तो त्यांना म्हणाला, "हे आमचे बारकूबाबा. आन त्या वरती त्यांच्या सुपरवायझर. त्यांनी हात वर केला की बाबा गप." ती माणसं मोठ्यानं हसली. बारकूच्या कानाला टोपणं नव्हती, त्याला सगळं ऐकू आलं. वत्सलाबाईनंही ऐकलं असणार. तिनं तोंड नाल्याकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चप्पल घालायला लागली तेव्हा तो म्हणाला, "तू राहू दे आज."

"का?"

"उन्हात उभी राहून करते काय? कामाचं काय नाय नि कशाचं नाय. घरात बस."

ती चप्पल घालता घालता थांबली. चपला परत उंबऱ्याशी ओळीनं लावल्या आणि आत गेली. बारकूला वाटलं, मागं फिरावं. पण मशीन खांद्यावर होती आणि ऊन वर येत होतं.

त्या दिवशी कापायचं खोड नाल्याच्या उतारावर आडवं पडलं होतं. वरच्या अंगाला काट्यांचा ढीग होता, तो बाजूला करायला वेळ गेला असता. खालच्या अंगाला सावली होती, पाय ठेवायला सपाट खडक होता. त्यानं बांधाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तो खालच्या अंगाला उभा राहिला.

काप पुरा होतानाच खोड हललं. आधी वीतभर. मग मोठा तुकडा सुटला आणि त्याच्याकडं गडगडत आला. त्यानं हात वर झटकले, मनगट ढालीवर आपटलं, खट्ट आवाज झाला, आणि मशीन गवतात जाऊन पडली. तो मागं कोसळला. तुकडा त्याच्या डाव्या पायावर येऊन खडकाला टेकला.

आधी दुखलंच नाही. मग दुखायला लागलं ते नडगीपासून थेट मांडीपर्यंत. पावलावर सगळ्यात जास्त दाब होता, पण बुटाच्या टोकातलं लोखंड ते चेपू देत नव्हतं. त्यानं पाय ओढून पाहिला. लाकूड आणखी बसलं. हाताखाली बाभळीचे काटे होते, तळवा रक्तानं भरला.

मशीन मात्र सुरूच होती. दोन-तीन हात लांब, त्याच्या पोहोचीच्या बाहेर, ब्रेक लागलेला, चेन थांबलेली, इंजिन गुरगुरत पडलेलं. बारकू ओरडला. पुन्हा ओरडला. बागेपलीकडून धनराजचा फवारणीचा ट्रॅक्टर जात होता. चालवणाऱ्यानं मान वळवली, मशीनचा आवाज ऐकला, आणि काम चाललंय म्हणून पुढं गेला.

तेव्हा बारकू खरा घाबरला. जोवर मशीनचा आवाज आहे तोवर कुणीही येणार नाही. पेट्रोल संपेल, मग आवाज थांबेल, मग लोकांना वाटेल बाबा जेवायला बसला. त्यानं हेल्मेट काढून भिरकावलं. ऊन डोळ्यांत उतरलं. मुंग्या काट्यांवरून त्याच्या मनगटावर चढल्या. ती सकाळी चपला ओळीनं लावत होती, ते राहून राहून डोळ्यांपुढं येत होतं.

आणि मग बांधावर पदर दिसला.

ती पळत आली होती, पण त्याला पाहिल्यावर पळायची थांबली. वळसा घेऊन वरच्या अंगानं उतरली. त्याच्याकडं न येता आधी मशीनपाशी गेली, डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं. नाला एकदम शांत झाला. मग तिनं एकेक धोंडा उचलून, पोटाशी धरून आणला आणि खोडाच्या खालच्या बाजूला लावला, बैलगाडीच्या चाकाला अडसर लावतात तसा.

"वत्सले," तो म्हणाला. तिचं नाव त्यानं किती वर्षांत घेतलं नव्हतं.

"बोलू नका. हलू बी नका."

लाकूड हलवायला बारकू रोज आणायचा ती पहार तिथंच होती. तिनं ती खोडाखाली घातली, तिच्याखाली दगड सरकवला. एका हातानं काय उचलणार? तिनं पहारीच्या टोकावर पोट टेकलं आणि सगळं अंग सोडून दिलं. प्लास्टरचा हात झोळीतून निसटून लोंबत होता. खोड कण्हल्यासारखं वर आलं, बोटभर, दोन बोटं.

"ओढा!"

त्यानं ओढला. बूट खडकाला घासत सुटला. तिनं पहार सोडली, खोड धप्पकन खाली बसलं, आणि ती तिथंच मातीत बसली. दोघांचेही श्वास मोठ्यानं चालले होते. मग तिनं त्याच्या बुटाच्या नाड्या सोडायला सुरुवात केली, एका हातानं आणि दातांनी.

नडगी काळीनिळी झाली होती. पाऊल शाबूत होतं. बोटं हलत होती.

"तुला कसं कळलं?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं. "मशीन तर चालूच होती."

"चालू होती, पण कापत नव्हती." ती त्याच्या तळव्यातले काटे काढत होती. "कापताना ती चढते, मंग उतरते, मंग तुम्ही थांबता. आज नुसतीच बडबडत होती. चढंच ना. मी चूल सोडून आले."

"घरात बसून ऐकत होती?"

"बस म्हणलं होतं, कान बंद कर कुठं म्हणलं होतं?"

बारकूला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्यानं तोंड लपवलं नाही. तिनंही पाहिल्यासारखं केलं नाही. एक काटा खोल गेला होता. तो निघेपर्यंत ती मान खाली घालूनच होती.

डॉक्टर म्हणाला, हाड वाचलं, आता पाय वर घेऊन पडून राहा. निसारला कळलं तसा तो संध्याकाळी आला. त्यानं मशीन खोलली, ब्रेक पाहिला, कानशीनं चेनचे दात एकेक करून घासले. मग बूट हातात घेऊन टोकावर पडलेला खोलगट खळगा अंगठ्यानं चाचपला.

"निसारभाई," बारकू म्हणाला, "हे बूट तुम्ही पिशवीत टाकले नसते तर..."

"मी नुसते बूट टाकले. पहारीवर कोण पडलं, ते पाहा." त्यानं स्वयंपाकघराकडं मान हलवली. आतून वत्सलाबाई म्हणाली, "चहा घेतल्याबिगर जायचं नाय." तो दोन कप पिऊन गेला.

पडून राहण्याच्या दिवसांत तिनं त्याला एक शब्दानंही टोमणा मारला नाही. तो वाट पाहत होता. टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. एकदा पायाला हळद लावताना त्यानंच विषय काढला.

"त्या दिवशी बोललो ते..."

"हं."

"लोक हसले म्हणून बोललो."

तिनं हळदीचा हात पुसला. "हात मोडल्यापासून मला वाटत होतं, आता आपण नुसतं बसून खायचं. बांधावर उभी राहायला लागले तव्हा वाटलं, नाय, अजून एक टोक आपल्याकडं हाय." ती उठली. "तेच तुम्ही काढून घेतलं व्हतं. आता परत द्या, म्हंजे झालं."

तो चालायला लागला तोवर तिचं प्लास्टर निघालं. आतला हात बारीक झाला होता, पांढुरका, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. आभाळ रोज दुपारी भरून यायला लागलं होतं. नाल्यात आता एकच मोठं काम उरलं होतं, तो शिरीष.

त्या सकाळी दोघं मिळून गेले. वत्सलाबाईनं आधी खोडाभोवती फिरून पाहिलं. कुठं टेकलंय, कुठं पोकळ आहे, सुटलं तर कुठं जाईल. मग वरच्या अंगाचे काटे दोघांनी ओढून बाजूला केले. जागा तिनं दाखवली आणि तो तिथं जाऊन उभा राहिला.

शिरीष कापणार म्हणून धनराज आला होता, ट्रॉली घेऊन. मागं टपरीवरचेही चौघंजण. ते उतरून पार खोडापर्यंत आले. बारकूनं दोरी ओढली नाही. तो नुसता उभा राहिला.

"काय झालं बाबा?" धनराजनं विचारलं.

"तिला विचारा."

वत्सलाबाईनं बारीक झालेला हात वर केला. "मागं व्हा. अजून मागं. खोड जेवढं लांब, त्याच्या दुप्पट." कुणीतरी हसायला गेलं, पण धनराजनं त्याला कोपर मारलं. त्यानं बारकूचं लंगडणं पाहिलं होतं. सगळे बांधावर जाऊन ओळीनं उभे राहिले.

मग तिनं हात खाली केला आणि मशीन सुरू झाली.

वरून थोडं, मग खालून. खोड जाड, म्हणून एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं. प्रत्येक कापानंतर बारकू मान वर करी, ती मान हलवी, मग पुढचा. दोनदा तिनं त्याला थांबवलं. दोन्ही वेळा तो लगेच थांबला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटचा तुकडा सुटला, जरासा गडगडला आणि लावलेल्या धोंड्यांना टेकून राहिला. नाल्याच्या तळाशी, कित्येक आठवड्यांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी वाट दिसली.

बारकूनं मशीन बंद केली, खाली ठेवली, हेल्मेट काढलं. कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. माणसं बांधावरून खाली यायला लागली. धनराज पुढं होऊन म्हणाला, "वा बाबा! काय काम केलं! पाणी हाय का जरा?"

बारकूनं झाडाखालची कळशी वाकवून तांब्या भरला. धनराजनं हात पुढं केला.

"थांबा," बारकू म्हणाला. "आधी तिला. ती सकाळपासून उन्हात उभी हाय."

तो लंगडत चढ चढून गेला. वत्सलाबाईनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला. उजव्या मनगटाला अजून भार पेलत नव्हता, तांब्या थरथरायला लागला. बारकूनं खालून हात लावला आणि ती पिऊन होईस्तोवर तसाच धरून ठेवला.